"लिनक्स टाकलं आणि मॉनिटर गेला!"

मोडनिंबमध्ये हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते मला म्हणीसारखं वाटायला लागलंय. शाळेतले सर म्हणतात, झेरॉक्सच्या दुकानातले दादा म्हणतात, पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारं आणि दिवाळीला घरी आलेलं पोरगंही म्हणतं. आणि त्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याकडं नाही चालत ते."

माझा राग आहे तो या दुसऱ्या वाक्यावर. पहिलं वाक्य चुकीचं आहे, पण बोलणाऱ्याचा त्यात दोष नाही. समोरचा पडदा काळाठिक्कर पडल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? "आपल्याकडं चालत नाही" हा मात्र निकाल आहे, आणि तो देताना साक्षीपुरावा कुणी तपासलेला नसतो. मला विचाराल तर काळ्या पडद्यामागे यंत्राचा दोष थोडा असतो आणि अडवून ठेवलेल्या माहितीचा दोष फार असतो. ती अडवणाऱ्यांत धंदेवाले आहेत, शिकवणारे आहेत आणि (हे लिहिताना आमच्या कंपूतले काही जण रागावणार, रागावू देत) लिनक्सचे भक्तही आहेत.

हे आत्ताच लिहायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलचा साधारण २०१७ च्या आधीचा प्रोसेसर असेल तर ते यंत्र नियमाने तिथे बसतच नाही. म्हणजे शाळा, पतसंस्था, वाचनालयं यांच्याकडची चांगली चालती यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरली. त्यांच्यापुढे वाटा तीन. नवी यंत्रं घ्या, आधार सुटलेलं (आणि बरेचदा चोरीचं) विंडोज तसंच रेटा, नाहीतर लिनक्स टाका. तिसऱ्या वाटेला पैसे पडत नाहीत. पण त्या वाटेच्या तोंडाशीच काळा पडदा उभा आहे.

आमच्या भागातल्या एका शाळेने दहा संगणक काढून टाकायचं ठरवत आणलं होतं. का, तर दुकानदाराने एका यंत्रावर लिनक्स घालून दाखवलं, पडदा काळा पडला आणि तो म्हणाला, "सर, या मॉनिटरला लिनक्स झेपत नाही. नवीन कोटेशन देऊ का?" सर बिचारे माझ्याकडे आले ते कोटेशनचा आकडा बरोबर आहे का हे विचारायला. आकडा बरोबरच होता हो. निदान चुकीचं होतं.

आता निदानाकडे वळतो. थोडं तांत्रिक होईल, सांभाळून घ्या.

यंत्र सुरू केल्यावर कंपनीचं चिन्ह दिसलं? त्यानंतर लिनक्स निवडायची यादी (तिला ग्रब म्हणतात) दिसली? मग मॉनिटर चांगला आहे, त्याची वीज चांगली आहे आणि निदान एक चित्र पोचवण्याइतकी केबलही चांगली आहे. मेलेल्या मॉनिटरवर चिन्ह दिसत नसतं. पडदा काळा पडला तो यादीनंतर. त्या क्षणी नेमकं काय होतं? तोवर चित्र काढायचं काम यंत्रातल्या मूळ प्रोग्रॅमकडे, म्हणजे बायॉसकडे असतं. तिथून पुढे लिनक्सचा गाभा ते काम स्वतःकडे घेतो आणि ग्राफिक्स चिपशी थेट बोलायला लागतो. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गडबड झाली की पडदा काळा.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे लगेच कळेल. आपली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती. १९०६ मध्ये ती कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरपर्यंत गेली. मुंबईहून मोठ्या गाडीने येणारा वारकरी कुर्डुवाडीला उतरायचा आणि छोट्या गाडीत बसायचा. रूळच वेगळे, तर गाडी बदलणं आलंच. एखादा वारकरी कुर्डुवाडीच्या फलाटावर अडकून राहिला तर "पंढरपूर बंद पडलं" असं कुणी म्हणत नव्हतं. पुढची गाडी कुठल्या फलाटावर लागते एवढं सांगणारा माणूस त्याला हवा असायचा.

काळ्या पडद्यासमोर बसलेल्यालाही तेवढंच सांगणारा माणूस हवा असतो. म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

पहिली गोष्ट. यादीमध्ये 'सेफ ग्राफिक्स' असा पर्याय आहे का बघा. उबुंटूमध्ये तो असतो, मिंटमध्ये त्याला 'कम्पॅटिबिलिटी मोड' म्हणतात. तो निवडा. नसेल तर यादीतल्या पहिल्या ओळीवर असताना कीबोर्डवरचं 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून इंग्रजीत 'नोमोडसेट' लिहा (सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा नाही) आणि एफ-१० दाबा. या एका शब्दाने लिनक्सला सांगितलं जातं की ग्राफिक्स चिपच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस, बायॉसने जे चित्र लावून दिलंय त्यावरच भागव. पडदा उजळतो. चित्र जरा मोठं, ओबडधोबड, हळू असेल, पण दिसेल. बसवणं पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना हाच शब्द पुन्हा लिहावा लागू शकतो. तेव्हा यादी आपोआप दिसली नाही तर नव्या यंत्रांवर सुरुवातीला 'एस्केप' आणि जुन्यांवर 'शिफ्ट' दाबून बघा.

इथे एक इशारा. नोमोडसेट ही कुबडी आहे. ती कायमची लावून ठेवली तर व्हिडिओ अडखळणार, दुसरा मॉनिटर लागणार नाही, आणि मग "लिनक्स किती स्लो आहे बघा" ही नवी म्हण तयार होणार. आत शिरलात की सगळे अपडेट घ्या, आपल्या चिपचा योग्य ड्रायव्हर बसवा आणि कुबडी टाकून द्या.

दुसरी गोष्ट. पडदा काळा, पण त्यावर "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" असं तरंगतंय? मग आनंद माना. मॉनिटर जिवंत आहे आणि तो बोलतोय! तो म्हणतोय, मला झेपणार नाही अशा गतीने चित्र पाठवलं जातंय. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख एका छोट्या चिठ्ठीत बाळगून असतो. या चिठ्ठीला ईडीआयडी म्हणतात. तिचं प्रमाण १९९४ मध्ये ठरलं आणि मूळ चिठ्ठी अवघी १२८ बाइटची आहे. कंपनी कोणती, पडदा केवढा, कोणती मापं झेपतात हे सगळं तीत असतं. संगणक ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. चिठ्ठी पोचली नाही तर लिनक्स अंदाज बांधतो. अंदाज कधी पडद्याला झेपत नाही, कधी फारच लहान निघतो. मोठ्या पडद्यावर १०२४ बाय ७६८ चं फताड्या अक्षरांचं चित्र बघितलंय ना? ते हेच.

आता चिठ्ठी का पोचत नाही, तर पुष्कळदा केबलमुळे! जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलला १५ पिनांची जागा असते. ही चिठ्ठी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. स्वस्त केबलमध्ये त्या तारा नसतात किंवा तुटलेल्या असतात. रंग ज्या तारांवरून जातात त्या शाबूत, म्हणून चित्र दिसतं आणि केबलवर कुणी संशय घेत नाही. एका मॉनिटरवर दोन यंत्रं चालवायची पेटी मध्ये लावली असेल तरी हेच होऊ शकतं. तेव्हा आधी शेजारच्या यंत्राची केबल लावून बघा.

तिसरी गोष्ट ऐकून हसाल. यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावली आहे की मदरबोर्डच्या भोकात, ते बघा. चित्र एका दारातून बाहेर पडतंय आणि आपण दुसऱ्या दाराशी उभे, असं सर्रास होतं.

चौथी गोष्ट एनव्हिडियावाल्यांसाठी. यंत्रात 'सिक्युअर बूट' चालू असेल तर बाहेरून बसवलेला ड्रायव्हर सहीशिवाय चालत नाही. उबुंटू बसवताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर एक निळा पडदा तोच पासवर्ड मागतो. तो पडदा बघून घाबरून 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर बसूनही बसत नाही. तिथे 'एनरोल' निवडायचं असतं, बस्स.

झालं. एवढ्यात पुष्कळशी प्रकरणं निकालात निघतात. त्या शाळेत दहापैकी सात यंत्रांना काहीच करावं लागलं नाही, दोघांना नोमोडसेटची कुबडी लागली आणि एकाची केबल बदलली. केबल जुन्या सामानाच्या खोक्यातच सापडली.

आता मुख्य भांडणाकडे येतो. एवढीशी माहिती त्या सरांपर्यंत का पोचली नव्हती?

पहिले गुन्हेगार हार्डवेअर बनवणारे. कार्ड तुम्ही पैसे मोजून विकत घेता, पण त्याच्याशी कसं बोलायचं हे कंपनी सांगत नाही. विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः करून देते, इतरांना म्हणते शोधा तुमचं तुम्ही. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी 'नूवो' नावाचा ड्रायव्हर लोकांनी अक्षरशः कार्डाच्या हालचाली बघून बघून लिहिला. तो २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. त्याचं फळ असं की आज एएमडीचं कार्ड लिनक्सवर लावलं की सहसा काही करावं लागत नाही. याउलट एनव्हिडिया इतकी ताणून धरत राहिली की २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवून त्या कंपनीला शिवी हासडली. तिने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी बोलणारा भाग खुला केला तो २०२२ मध्ये, तोही नव्या कार्डांपुरता. जुन्यांचं काय? जिफोर्स २१० सारखी कार्डं एकेकाळी आपल्याकडे खूप खपली. ती चालवणाऱ्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरचा आधार कंपनीने २०१९ मध्येच संपवला. म्हणजे कुलूप कंपनीने लावलं, किल्ली कंपनीने फेकली आणि "दार उघडत नाही" म्हणून बदनामी झाली घर बांधणाऱ्याची!

इथे कुणी म्हणेल, मग विंडोजला का नाही होत असं? मी उलट विचारतो, तुम्ही विंडोज स्वतः कधी बसवलंय? बहुतेकांनी नाही. ते कारखान्यातून किंवा दुकानातून बसवून आलेलं असतं. ज्यांनी एक्सपीच्या काळात ते स्वतः बसवलं त्यांना आठवत असेल. बसवून झाल्यावर जाडजूड चिन्हं आणि भडक रंग दिसायचे, आणि मग मदरबोर्डबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी शोधायला घरभर धावाधाव. सीडी हरवली तर पन्नास जणांना फोन. तेव्हा "विंडोज टाकलं आणि मॉनिटर गेला" असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. "ड्रायव्हर टाकायचा राहिलाय" असं म्हणायचे. त्रास तोच, पण विंडोजच्या बाबतीत आपल्याला दुखण्याचं नाव माहीत होतं. नाव माहीत असलं की माणूस औषध शोधतो. नाव माहीत नसलं की करणी झाली म्हणतो.

दुसरे गुन्हेगार शिकवणारे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्ये स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचली. आपल्याकडच्या हजारो पोरापोरींनी पहिल्यांदा माउस धरला तो तिथेच, हे श्रेय मी कधीच नाकारणार नाही. पण संगणक शिकवणं म्हणजे एका कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये कुठल्या बटणावर टिचकी मारायची ते शिकवणं, ही समजूत आपल्या एकूण संगणक शिक्षणातच मुरली. चालू यंत्र वापरायला शिकवलं, अडलेलं यंत्र बघायला कुणी शिकवलं नाही. गाडी चालवायला शिकवायची आणि चाक पंक्चर झाल्यावर जॅक कुठे लावायचा ते सांगायचं नाही, असला हा प्रकार.

दुसरीकडे काय होऊ शकतं ते बघायला फार लांब जायला नको. केरळात आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचंच 'काइट' झालं. तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर शिकवतात. २०१९ मध्ये २ लाखांहून अधिक शालेय संगणकांवर त्यांनी स्वतः जुळवलेलं लिनक्स चढवायचं काम हाती घेतलं. केरळातले मॉनिटर काय वेगळ्या मातीचे असतात? तिथे शिक्षकांना शिकवलं गेलं आणि सगळ्यांसाठी एकच जुळवलेली प्रत केली गेली, म्हणजे एका शाळेने सोडवलेली अडचण दुसऱ्या शाळेला पुन्हा सोडवायला नको. आपल्याकडे प्रत्येक सर एकटे, काळ्या पडद्यासमोर.

आता तिसरे गुन्हेगार, म्हणजे आम्हीच लोक. "लिनक्स एकदम सोपं आहे, वीस मिनिटांत बसतं!" हे वाक्य आम्ही भक्तांनी इतकं फिरवलंय की त्याने लिनक्सचं जितकं नुकसान केलं तितकं क्वचितच कशाने केलं असेल. सोपं आहे म्हणून सांगितलेल्या माणसाचा पडदा काळा पडला की त्याच्यापुढे दोनच निष्कर्ष उरतात. एकतर हे लोक थापाडे, नाहीतर मी मठ्ठ. दोन्हींत तो परत येत नाही. त्याने धीर करून विचारलंच तर उत्तर काय, "गूगल कर", "मॅन्युअल वाच". अरे, ज्याचा एकमेव पडदा काळा आहे तो मॅन्युअल कशावर वाचणार? छोट्या मोबाइलवर, अनोळखी इंग्रजीत, अनोळखी शब्द शोधत? शोधायचं म्हटलं तरी दुखण्याचं नाव तर माहीत हवं!

आणि मराठीचं म्हणाल तर तिथेही गंमतच आहे. ग्नोम आणि केडीई मराठीत आले. लोहितसारखे फॉन्ट आले. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही प्रणाली आणली, तीत मराठीही आहे. हे काम करणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार. पण ही सगळी मराठी पडदा उजळल्यानंतर सुरू होते! 'फाइल'ला 'धारिका' म्हणावं की 'संचिका' यावर आम्ही रात्र रात्र भांडलो. पण काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी एक पान साध्या मराठीत लिहून ते शाळेच्या भिंतीला चिकटवायचं कुणाला सुचलं नाही. घर सारवून रांगोळी काढली, उंबऱ्याशी दिवाच ठेवला नाही.

माझं म्हणणं आंधळं नाही. प्रत्येकाने लिनक्सच घ्यावं असं मी म्हणणार नाही. ज्यांचं दुकान टॅलीवर चालतं त्यांनी विंडोज सोडायचं कारण नाही, फक्त ते रीतसर विकत घ्यावं. काही जुन्या चिपा खरोखरच त्रास देतात. सिसच्या मिराज चिपा असोत, किंवा २००८ नंतरच्या काही छोट्या लॅपटॉपांतली इंटेलची जीएमए ५०० (तिच्यातला ग्राफिक्सचा भाग बाहेरून घेतलेला, त्यामुळे कागदपत्रं बंद), तिथे मी मी म्हणणारे हरले आहेत. असं यंत्र समोर आलं तर स्पष्ट सांगावं की यावर वेळ घालवू नका. खरं सांगितलं तर लोक समजून घेतात. राग येतो तो फसवणुकीचा.

मग करायचं काय? खर्च न करता तीन गोष्टी होऊ शकतात. शाळेने किंवा पतसंस्थेने यंत्र भंगारात काढण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावं. बसवायचीसुद्धा गरज नाही, डिस्कला हात लागत नाही आणि अर्ध्या तासात कळतं. यंत्र विकत घेताना दुकानदाराला तोच पेन ड्राइव्ह द्यावा आणि म्हणावं, "दादा, यावरनं चालू करून दाखवा, मग पैसे." पडदा उजळला तर घ्यावं. आणि संगणक शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात एक तास फक्त बिघाडाला द्यावा. केबल काढून, पडदा काळा करून मुलांना विचारावं, "आता सांगा, शेवटचं काय दिसलं होतं?" हा प्रश्न विचारायला शिकलेलं पोरगं संगणकच काय, शेतातली मोटरही दुरुस्त करायला घाबरणार नाही.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं विचारणारे भेटतातच. त्यांना माझं उत्तर एकच. दहा संगणकांचं कोटेशन मंजूर करायला, त्यासाठी देणगीदार शोधायला आणि तोवर पोरांना एकेका यंत्राभोवती पाच-पाच बसवायला वेळ असतो ना? त्याच्या चौथाई वेळात केबल बदलून होते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं "लिनक्स टाकलं आणि मॉनिटर गेला", तर त्याला हसू नका आणि लिनक्सची आरतीही ओवाळू नका. विचारा, "कंपनीचं चिन्ह दिसलं होतं का? यादी दिसली होती का? पडद्यावर काही लिहून आलं होतं का?" आणि मग त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा.